खिडक्यांचा कारभारी

मला कॉम्प्युटर चालवता येतो. नुसता चालवता येत नाही, चार खोल्यांत चालवता येतो! माझ्या वयाच्या शेजारणी फोनवर नातवंडांचे फोटो बोटांनी मोठे करून बघतात आणि त्यातच धन्यता मानतात. मी मात्र एका काचेवर चार खोल्यांचा संसार मांडून बसलेली बाई. आजवर एका खोलीतलं भांडं दुसऱ्या खोलीतल्या भांड्याला लागू दिलेलं नाही!

असं मी त्या मंगळवारी सकाळपर्यंत म्हणत होते.

आमचा छोटा छापखाना घरातच आहे, पुढच्या खोलीत. पत्रकं, पावतीपुस्तकं, दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची पोस्टरं. मजकूर जुळवायचा मी, छापायचा ह्यांनी. आमचा कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटरांमधला पणजोबा! त्याच्यावरची प्रणाली इतकी जुनी, की जिने ती बनवली त्या कंपनीनेच तिच्याशी सोयरीक तोडलेली आहे. पण आमची सुबक अक्षरं आणि ती जुळवायचा प्रोग्रॅम फक्त त्याच्यावरच चालतो. नव्या यंत्रावर टाकला की सगळी अक्षरं चौकटी चौकटी होऊन बसतात. म्हणून पणजोबांना औषधपाणी करत आम्ही सांभाळतो.

आमची एकुलती एक लेक दूर परदेशात कॉम्प्युटरचंच काम करते. तिच्या ऑफिसातली यंत्रं युनिक्स नावाच्या घराण्यातली, म्हणजे फार शिस्तीची. मागच्या खेपेला ती आली तेव्हा तिने माझं बोट पाहिलं. सारखं क्लिक करून करून त्याचं पेर सुपारीसारखं सुजलं होतं. दोन दिवस पणजोबांसमोर मांडी ठोकून बसली आणि तिसऱ्या दिवशी मला हाक मारली.

"आई, याला विंडो मॅनेजर म्हणतात. खिडक्यांची सगळी व्यवस्था हा बघतो. युनिक्सवाले वापरतात तसला आहे, पण आपल्या जुन्या प्रणालीवरही बसलाय बघ!"

"म्हणजे खिडक्यांचा कारभारी म्हण की! अगं, पण घरात एक कारभारी आहेच."

"तो कुठे तुझं ऐकतो? हा ऐकतो!"

तेव्हापासून आमच्या घरात थोरला आणि धाकटा असे दोन कारभारी झाले. धाकट्याची रीतच न्यारी. त्याच्यात क्लिक करावं लागत नाही. उंदराचा, म्हणजे माऊसचा, बाण ज्या खिडकीवर असेल, त्या खिडकीत अक्षरं उमटतात. नुसता बाण न्यायचा आणि लिहायला लागायचं, बोटाला आराम! खिडकीच्या डोक्यावर टिचकी मारली की दुकानाचं शटर पडावं तशी ती गुंडाळते. आणि चार खोल्या! एक कामाची, एक माझी, एक ह्यांची आणि चौथीला लेकीने नाव दिलं होतं, 'माझी खोली'. तिच्याशी लिहून बोलायची खिडकी त्या चौथ्या खोलीत. पण जाताना विमानतळाची गाडी दारात उभी असताना ती पळत आत आली आणि काहीतरी दाबून गेली. त्यानंतर ती खिडकी चारही खोल्यांत दिसायला लागली.

"आता मी कुठल्याही खोलीत असेन," ती म्हणाली आणि मागे न बघता गाडीत बसली.

मोकळ्या जागी उजवं बटण दाबलं की एक यादी उघडते. तिच्यातली वाक्यंही तिचीच. 'आई, घाबरू नकोस' हे दाबलं की सगळ्या खिडक्या जागेवर येतात. 'बाबा, हे दाबू नका' हे ह्यांनी अर्थातच पहिल्याच दिवशी दाबलं. काचेवर मोठ्या अक्षरांत आलं, 'सांगितलं होतं ना!'

ह्यांचं आणि धाकट्याचं पहिल्या दिवसापासून सवतीचं नातं. हे तिसऱ्या खोलीत कागदाचे भाव उघडायचे, पहिल्या खोलीत शोधायचे आणि ओरडायचे, "माझी खिडकी चोरीला गेली!" एकदा तर टेबलाखालीसुद्धा वाकून बघितलं!

"एवढ्याशा काचेत चार खोल्या! आपल्या घरात मुळात तीन आहेत! काढून टाकायचं हे थेर."

शेवटी सोमवारी त्यांनी जाहीर केलं, "उद्या दुपारी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलंय. सगळं पहिल्यासारखं करून देणार आहे तो. साफ!"

मी वाद घालत नाही. आवाज चढवायचा नाही, असा माझा नेम आहे. पण त्या रात्री भांडी जरा जास्तच घासली गेली. अहो, ती नुसती खिडकी होती का? तिथली यादी उघडली की मला तिचा आवाज ऐकू यायचा. ते पुसून टाकायचं म्हणजे काय? आणि ह्यांनीच पुसायचं?

आणि ह्यांचं मला ठाऊक होतं! रोज दुपारी मी पाठ टेकली, की हे पाय न वाजवता लेकीच्या खोलीत जातात आणि तिच्या पलंगाच्या कडेला बसतात. एकदा मी दारात उभी राहिले तर दचकून उठले. "खिडकीची कडी बघत होतो. सैल झालीय." बरीच वर्षं ती कडी रोज सैल होते! मी कधी काही बोलले नाही.

आता माझ्या नेमांबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सकाळी उठल्यापासून भिंतीवरच्या घड्याळात दहाचे ठोके पडेपर्यंत माझं मौन असतं. दहा वाजता तोंड उघडायचं ते देवाचं नाव घेऊन. आणि बोलायचं किंवा लिहायचं ते खरंच. हे घड्याळ गल्लीच्या टोकाच्या घड्याळजींनी दुरुस्त केलेलं, त्यामुळे त्यात लबाडीची सोय नाही. मौनात असताना मी मजकूर जुळवते. हे विचारतात, "झालं का?" मी मान हलवते, हे छापतात. ह्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "वाचणं तुझं काम, छापणं माझं!" आमच्या छापखान्यातली सगळी छपाई माझ्या एका मान हलवण्यावर चालते.

मंगळवारी सकाळी घड्याळजी आले. पोस्टर हवं होतं आणि लगेच हवं होतं. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात नर्स. केव्हातरी शब्दाला शब्द लागला आणि तिने येणं सोडलं. घड्याळजींनी बोलावलं नाही, तिने विचारलं नाही.

"घर विकतोय," घड्याळजी ह्यांना म्हणाले. त्यांचं बोलणंही टिकटिक, कामापुरतं. "पोस्टर चिकटवणारा सकाळीच निघतो. त्याच्या आत द्या."

वरची ओळ ह्यांनी तिथल्या तिथे लावून दिली. हातभर उंचीची अक्षरं, 'घर विकणे आहे'. खाली घड्याळजींच्या दुकानाचा पत्ता. मधली जागा मोकळी, ती मी भरायची. घड्याळजींचं अक्षर मुंगीच्या पावलांएवढं! मी चष्मा नाकावर खाली ओढला, डोळे कागदावर लावले आणि बोटं चालवायला सुरुवात केली. मी काचेकडे बघत नाही. बघायची गरजच काय? एवढ्या वर्षांचा हात आहे!

त्याच वेळी शेजारी ह्यांनी प्रिंटर सुरू केला. कुणाची तरी पावतीपुस्तकं होती.

आता आमचं टेबल एकच. त्याच्यावरच कॉम्प्युटर, त्याच्यावरच प्रिंटर. आणि आमचा प्रिंटर चालतो म्हणजे दगडी रस्त्यावरून बैलगाडी चालते! टेबल थरथरतं, टेबलावरचा उंदीर थरथरतो आणि त्याचा बाण हळूहळू, कुणाच्या नजरेत न येता, डावीकडे सरकत जातो. डावीकडे काय होतं? सगळ्या खोल्यांत दिसणारी लेकीची खिडकी!

आणि त्या खिडकीत ओळ संपवून पुढच्या ओळीचं बटण दाबलं, की मजकूर थेट परदेशी रवाना होतो.

मी शांतपणे लिहीत होते. 'राहते घर सामानासह ताबडतोब विकावयाचे आहे.' बटण. 'मागची खोली मुलीची, आता तिचा उपयोग नाही.' बटण. 'मालकांना एकट्याने सांभाळणे होत नाही.' बटण. 'ज्यांना घ्यायचे असेल त्यांनीच यावे, उगाच विचारपूस नको.' बटण!

मान वर केली. पोस्टरची मधली जागा स्वच्छ, पांढरीशुभ्र. आणि लेकीच्या खिडकीत ओळींवर ओळी!

'आई?? कुठलं घर??'

'माझ्या खोलीचा उपयोग नाही म्हणजे काय???'

'एकट्याने म्हणजे? एकटं कोण? आई, तू आहेस ना?'

'बाबा, तुम्ही लिहिताय का? आई कुठे आहे??'

पोरीने मला जिवंतपणीच फोटोत बसवलं होतं! तेवढ्यात फोन वाजला. एरवी ती दहाच्या आत कधीही फोन करत नाही, तिला माझा नेम पाठ आहे. पण घाबरलेल्या माणसाला कसला नेम आणि कसलं काय! मी फोन उचलला.

"हॅलो? हॅलो! कोण आहे? आई?"

मी श्वास जोरात घेतला. त्यापेक्षा जास्त मला काही करता येईना. टेबलावर बोटाने टकटक केली.

"कोण ठोकतंय? काय ठोकताय तिथे?" आणि ती रडायलाच लागली!

मौन मोडावं का? जीभ टाळूपर्यंत आली होती, खोटं कशाला सांगू! तेवढ्यात हे आले आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला हायसं वाटलं. पण मागे प्रिंटरची बैलगाडी खडखडत होती आणि ह्यांना एका कानाने मुळातच कमी ऐकू येतं.

"काय? घर? हो, हो, विकायचंच ठरलंय! आज भिंतीवर पोस्टरंसुद्धा लागतील!... काय? एकट्या माणसाला कशाला हवं एवढं मोठं घर?... सामान? सगळं जाणार, सगळं! पलंगबिलंग सगळं!... काय म्हणालीस? ऐकू येत नाही गं! ठेवतो. कागद अडकलाय!"

आणि ठेवला! मी दोन्ही हात जोडून, नाचून, डोळे मोठे करून खुणा करत होते, आणि हे म्हणाले, "घड्याळजींच्या घराची तिला एवढी काय काळजी लागून राहिलीय? पण पोरगी मायाळू आहे हो."

मायाळू! मी कपाळावर हात मारून घेतला. मग मनाशी म्हटलं, लिहून सांगावं. लिहिण्याने मौन मोडत नाही आणि लिहिलेलं ती नीट वाचेल. उंदीर हातात घेतला, बाण तिच्या खिडकीवर आणून ठेवला. तिचं ते 'आई, तू आहेस ना?' पुन्हा दिसलं आणि माझे डोळे भरून आले. डोळे भरले की मी चष्मा काढते. आणि चष्मा काढला की मला काच आणि भिंत सारखीच!

तशीच लिहायला लागले. मनात होतं ते सगळं लिहिलं. अगदी खरं, नेमाप्रमाणे. शेवटचं बटण दाबलं आणि पदराने डोळे पुसले.

"झालं का?" ह्यांनी विचारलं.

मला वाटलं, लेकीशी बोलणं झालं का, असं विचारतायत. मी मान हलवली. चांगली दोनदा हलवली!

आणि उठून देवासमोर जाऊन बसले. दिव्यात तेल घातलं, डोळे मिटले. पोस्टर मनातून गेलं नव्हतं. जप झाला की भरू, घड्याळजी थांबतील थोडं, असं म्हटलं. मागे प्रिंटरची बैलगाडी पुन्हा सुटली. मला वाटलं, पावतीपुस्तकं. मग घड्याळजींचा आवाज आला, "झालं? बांधा. पोस्टरवाला उभा आहे बाहेर." कसलीतरी सुतळी कचकन आवळल्याचा आवाज आला. मी म्हटलं, मना, भटकू नकोस! डोळे आणखी घट्ट मिटले.

देवाला त्या दिवशी किती हसू आलं असेल!

दहाचे ठोके पडायला लागले. शेवटचा ठोका पडायच्या आत माझ्या हातात फोन होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून पहिला शब्द देवाचं नाव निघाला नाही. "बाळा!" निघाला. देवाला नंतर सांगितलं. तो समजूतदार आहे.

"आई!" तिकडून किंकाळी! "आई, तू आहेस! तू बोलतेयस!"

"अगं आहे म्हणजे काय, दिव्यात तेल घालत होते! सगळं लिहिलं ना मी तुला? ते घर घड्याळजींचं गं! आपलं नाही!"

"घड्याळजींचं? मग बाबा 'सगळं जाणार, पलंगबिलंग' असं का म्हणाले? आणि तू कुठे काय लिहिलंस? तुझं काही आलंच नाही!"

"आलं नाही कसं? एवढं मोठं लिहिलं!"

"आई, शेवटची ओळ 'उगाच विचारपूस नको' ही आहे! मी तिकीट काढलं, आई. परवा पोचते."

"अगं वेडे, रद्द कर ते!"

"होत नाही रद्द! स्वस्तातलं आहे!"

मी फोन हातात धरूनच कॉम्प्युटरकडे गेले. चष्मा लावला. कामाची खोली उघडी होती, पोस्टर समोर होतं आणि त्याची मधली जागा आता गच्च भरलेली होती. वर हातभर अक्षरांत 'घर विकणे आहे'. आणि त्याखाली, सुबक अक्षरांत:

'अगं बाळा, नाही गं! घर कोणीही विकत नाही. तुझी खोली तशीच आहे. बाबा रोज दुपारी तिथे जाऊन तुझ्या पलंगावर बसतात, आणि विचारलं तर खिडकीची कडी बघत होतो म्हणतात. मला सगळं कळतं. त्यांना तुझी फार आठवण येते, पण मरतील तरी सांगायचे नाहीत. तू कधी येतेस?'

त्याखाली घड्याळजींच्या दुकानाचा पत्ता.

बाणाने पुन्हा प्रवास केला होता! प्रिंटरने त्याला या खेपेला उजवीकडे ढकललं होतं. आणि टेबलावर छापलेला एकही कागद शिल्लक नव्हता.

"आई? हॅलो? आई, पुन्हा मौन?"

"बाळा, ये तू. लवकर ये," मी म्हटलं, पदर खोचला, ओलं फडकं उचललं आणि रस्त्यावर धावले. धावताना चपला दोन्ही पायांत वेगवेगळ्या होत्या हे मला कोपऱ्यावर कळलं.

पोस्टरवाल्याचा हात म्हणजे विजेचा झटका! दूधवाल्याच्या भिंतीवर पोस्टर, टपालपेटीच्या वर पोस्टर, बसथांब्यावर तर शेजारी शेजारी दोन! पहिल्या पोस्टरसमोर गल्लीतला शिंपी उभा होता. गळ्यात टेप, एका हातात कात्री. मी फडकं पुढे केलं तर त्याने माझा हात धरला.

"वहिनी, खरं सांगा. हे माझ्याबद्दल कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो भाऊ, तुमच्याबद्दल नाही हो!"

"आमची मोठी सासरी गेल्यापासून मी शिवणयंत्राला तेल घालायला म्हणून तिच्या खोलीत जातो. ही विचारते, यंत्र बाहेरच्या खोलीत आहे, तेल आत कशाला?" आणि त्याने टेपच्या टोकाने नाक पुसलं!

मी पुढच्या भिंतीकडे वळले, तर समोरून घड्याळजी! त्यांचं ते बारीक भिंग कपाळावर तिसऱ्या डोळ्यासारखं, आणि हातात उपटून काढलेलं पोस्टर. मी मनात म्हटलं, आता पृथ्वी दुभंगेल तर बरं.

"वहिनी!"

"घड्याळजी, चूक झाली. पदरात घ्या. मी आत्ता सगळी काढते, ह्यांना नवीन छापायला—"

"ते राहू द्या! मी तिच्या खोलीत बसतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी फडकं पाठीमागे लपवलं.

"पडदे ओढलेले असतात! दार लावलेलं असतं! डोकावलं कुणी? आणि कडी!" त्यांनी हातातलं पोस्टर माझ्यासमोर फडकावलं. "कडीचं कुणाला माहीत होतं?"

"घड्याळजी, हे तुमच्याबद्दल नाहीच मुळी..."

"माझ्याबद्दल नाही? खाली पत्ता कुणाचा आहे?"

"पत्ता तुमचा आहे, पण कडी..."

आणि मी थांबले. कारण तिथे, बसथांब्यासमोर, दोन पोस्टरांच्या मध्ये आमचे थोरले कारभारी उभे होते. चष्मा कपाळावर, नाक भिंतीला टेकलेलं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः छापलेलं काहीतरी वाचत होते!

खरं बोलायचा माझा नेम. पण नवऱ्याने वर्षानुवर्षं लपवलेली गोष्ट भर रस्त्यात सांगणं कुठल्या नेमात बसतं? मी मान खाली घातली. शिंपी बघतोय, दूधवाला बघतोय, बसची वाट बघणाऱ्यांनी बस सोडून दिलीय!

हे सावकाश वळले. कान लाल झाले होते.

"घड्याळजी," हे म्हणाले, "कडी माझी आहे."

घड्याळजींनी ह्यांच्याकडे बघितलं, मग पोस्टरकडे बघितलं, मग पुन्हा ह्यांच्याकडे.

"तुमची?" ते म्हणाले. "मग मी बघतो ती कुणाची?"

घरी परतताना हे माझ्या दहा पावलं पुढे चालत होते. मी म्हटलं, झालं. धाकटा कारभारी आता दुपारी जाणार तो जाणार, आणि त्याच्याबरोबर थोरल्याचा विश्वासही जाणार. दारात आल्यावर हे इतकंच म्हणाले, "तुला कधीपासून कळलं होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कडी इतकी छान बघत होतात!"

हे हसले नाहीत. पण आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. असं आमच्या घरात फक्त आजारपणात होतं.

दुपारी कॉम्प्युटरवाला आला. पिशवीतून सीडीच्या तबकड्या काढल्या, खुर्ची ओढली. "काय काढायचंय ते दाखवा, काका. दहा मिनिटांत साफ!"

हे काचेसमोर उभे राहिले. उजवं बटण दाबलं, यादी उघडली. 'आई, घाबरू नकोस.' 'बाबा, हे दाबू नका.' हे बराच वेळ बघत राहिले.

"काही काढायचं नाही," ते म्हणाले. "काहीही बिघडलेलं नाही."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"ते... जरा टेबल धरा. प्रिंटर खाली उतरवायचाय. फार हलतो."

तो गेल्यावर ह्यांनी हळूच 'बाबा, हे दाबू नका' दाबलं. 'सांगितलं होतं ना!' आलं. ते वाचून मात्र हसले. आणि पुन्हा दाबलं.

संध्याकाळी मी घड्याळजींकडे क्षमा मागायला गेले. ते पायरीवर बसले होते. मी काही बोलणार तोच कोपऱ्यावर बस थांबली आणि एक मुलगी उतरली. अंगावर रुग्णालयातला पांढरा गणवेश, पायांत तसेच मऊ बूट आणि हातात घडी केलेलं पोस्टर. तिच्या रुग्णालयाजवळ चिकटवलेलं असणार, कोपऱ्याला डिंक चिकटलेला होता. मी दाराआड सरकले. डोकावायचं नाही, असा काही माझा नेम नाही.

"बाबा," ती उभ्याउभ्याच म्हणाली, "घर विकताय की नाही ते एक काय ते सांगा! वर एक लिहिलंय, खाली भलतंच!"

घड्याळजींनी कपाळावरचं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"तू कुठलं वाचलंस? मोठ्या अक्षरातलं की बारीक?"

"दोन्ही."

"मग मोठ्या अक्षरातलं चुकलंय," घड्याळजी म्हणाले. "बारीक बरोबर आहे."

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. पोस्टरची घडी मांडीवर ठेवत म्हणाली, "कडी खरंच सैल आहे का हो?"

"फार," घड्याळजी म्हणाले. "बघायला ये."

गुरुवारी आमची लेक येऊन पोचली. रागावलेली, थकलेली आणि न रद्द होणाऱ्या तिकिटाची! दारातच मला दोन्ही दंडांना धरून, आहे ना नक्की, म्हणून हलवून बघितलं. मग बाबांकडे वळली. हे नेमके त्याच वेळी पेचकस घेऊन तिच्या खोलीकडे निघाले होते.

"कुठे चाललात, बाबा?"

"कडी," हे म्हणाले. पोस्टरमधलं सगळं मी तिला फोनवर आधीच वाचून दाखवलं होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं! मग दोघं मिळून कडी बघायला आत गेले आणि चांगला तासभर बाहेर आले नाहीत.

आता प्रिंटरला वेगळं टेबल आहे. लेकीने जाण्यापूर्वी धाकट्या कारभाऱ्याला बसवून समजावलं, खिडक्या लांब लांब मांडून दिल्या. आता चूक होणं शक्यच नाही! म्हणूनच तर ही सगळी हकिगत मी त्याच काचेवर, दुसऱ्या खोलीत, निर्धास्तपणे लिहून काढली. तिचा शेवटही मी फार सुंदर केला होता, अगदी मनापासून. लेक गाडीत बसली, या खेपेला मागे वळून बघितलं, असं काहीतरी होतं.

पण आत्ता बघते, तर तो शेवट इथे नाहीच! मघाशी ह्यांनी "झालं का?" विचारलं, मी मान हलवली, आणि नव्या टेबलाला धक्का लागला होता की काय कोण जाणे. आमच्या चौकातल्या दंतवैद्याच्या दारावर आज नवीन पाटी लागली आहे. तिच्यावर लिहिलंय, 'येथे दात न दुखवता काढून मिळतील. ती वळून हसली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.'